एकटीचा वर्ग

रविवारची जेवणं उरकली, ताटं उचलली गेली, तरी पडवीतून कुणी हललं नाही. सोमवारी शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख वस्तीवरच्या शाळेत येणार होते, आणि बोराट्यांच्या घरात प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं.

सगळ्यात जास्त सोपानला. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष तोच. पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा, पटावर सात मुलं आणि शिकवायला एकटे रूपनवर सर. दुसऱ्या शिक्षकाची जागा बदल्यांमध्ये रिकामी झाली ती पुन्हा भरलीच नव्हती. सही सोपानला करायची होती, आणि ती कशावर करायची हेच त्याला अजून उमगलं नव्हतं.

"शाळा बंद व्हणार का न्हाय, एवढं एकच सांगा कुणीतरी."

"बंद नाही दादा, समायोजन," स्वरूपा म्हणाली. ती सोपानच्या धाकट्या भावाची, युवराजची बायको. गावातल्या मोठ्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळं घरातलं सरकार तीच, असं सगळे धरून चालायचे.

"म्हंजी काय?"

"म्हणजे इथली मुलं आमच्या शाळेत यायची. रूपनवर सरांनाही तिथंच घ्यायचं."

"आन् हितं?"

"इथं इमारत राहील."

"मास्तर न्हाय, पोरं न्हाईत, तरी शाळा बंद न्हाय?"

स्वरूपानं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे सोपानला कळलं नाही. बहुतेक तिलाही.

सोपान उठून उभा राहिला. त्याला बसून विचार करता येत नसे. "ह्याच शाळेला पावसाळ्यात अ श्रेणी दिली. भिंती रंगवल्या म्हणून, हात धुवायचे नळ बसवले म्हणून. मला हार घातला, फोटो काढले. दिवाळी झाली की दुसरं पथक आलं, म्हणालं निम्म्या पोरांना धड वाचता येत न्हाय. पोरं तीच, मास्तर त्योच. मग खरं काय धरायचं?"

"दोन्ही खरं आहे. श्रेणी शाळेची होती दादा. वाचन मुलांचं होतं."

"म्हंजी शाळा येगळी आन् पोरं येगळी?"

खाटेवर भिंतीला टेकून बसलेले आबा, म्हणजे सोपान-युवराजचे वडील दत्तोबा, इतका वेळ डोळे मिटून होते. ते झोपलेले नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. डांबरीच्या कडेची दोन गुंठे जागा त्यांनी शाळेला दिली, त्याला आता खूप वर्षं झाली होती. नंतर रस्ता रुंद झाला, लोणी देवकरच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या गाड्या वाढल्या, आणि त्या तुकड्याकडं लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

"शाळा मिटू द्यायची न्हाय," आबा म्हणाले. "उद्या कुलूप लागलं की लोक म्हणतील, बोराट्यांनी शाळा घालवली आन् जागा गिळली."

"आबा, जागेचं कोण बोलतंय?" युवराज म्हणाला. रात्रपाळी करून आल्यामुळं त्याचे डोळे तांबारले होते. "सात पोरांत काय शाळा व्हती का? खेळायला गडी पुरत न्हाईत. मोठ्या शाळेत जाऊ द्या की."

"तुझी बायको तितं मास्तरीण हाय म्हणून तुला पुळका," सोपान म्हणाला.

युवराजचा चेहरा उतरला. उत्तर स्वरूपानंच दिलं. "तेही खरं आहे दादा. आमचाही पट घसरलाय. अजून घसरला की मी अतिरिक्त ठरणार. मग पार लांब भोरला टाकतील नाहीतर वेल्ह्याला. इथली सात मुलं आली तर माझी जागा वाचते. ते मी नाकारत नाही."

ती इतकं सरळ बोलेल असं सोपानला वाटलं नव्हतं. भांडायला घेतलेला श्वास त्यानं तसाच सोडून दिला.

"मग असं करा," आबा म्हणाले. "छकुलीला हितं घाला. घरची पोर बाहेर आन् दुसऱ्यांच्या पोरांनी शाळा वाचवायची, हे कसं दिसतंय?"

छकुली युवराज-स्वरूपाची मुलगी, तिसरीतली. रोज सकाळी पिवळ्या व्हॅनमधून बारामतीच्या बाजूच्या इंग्रजी शाळेत जायची.

स्वरूपानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हा प्रश्न तिला नवा नव्हता. तिच्या शाळेतली मुख्याध्यापिका हसत हसत हेच विचारायची, बाजारात भेटलेले पालकही विचारायचे. तिला काय सांगायचं होतं? ती वर्गात चांगलं शिकवत होती, हे तिला माहीत होतं. पण वर्गात असायची तेव्हाच. कधी सर्वेक्षण, कधी प्रशिक्षण, कधी मोबाईलवर भरायची माहिती, आणि फळ्यावर अर्धवट राहिलेलं गणित. रूपनवर सर तर एकटेच. ते इंदापूरला बैठकीला गेले की चारही वर्ग वाऱ्यावर. स्वतःच्या पोटची पोर ह्यात घालायला तिचं मन होत नव्हतं. आणि ज्या शाळेत घातलं होतं, तिथं काय शिकवतात तेही तिला धड कळत नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली तानूबाई दुधाची किटली परत द्यायला आली. पेरूच्या बागेचं काम करून ती तिथंच राहायची. मागं तिची मोना होती. वस्तीच्या शाळेत चौथीला.

आबांना एकदम हुरूप आला. "बरं झालं आलीस. पोरीनू, बसा हितं. ह्या सगळ्यास्नी वाचून दाखवा. बघू कुठली शाळा बरी ती."

"आबा, असं नसतं हो," स्वरूपा म्हणाली. पण आबांनी उशाखालचं वर्तमानपत्र काढलंही होतं.

छकुलीनं आधी दप्तरातला इंग्रजी धडा आणला. तो तिनं असा घडाघडा वाचला की सोपाननं नकळत मान डोलावली. "म्हंजी काय गं?" आबांनी विचारलं. छकुली आईकडं बघायला लागली. "एक कोल्हा असतो," ती म्हणाली, आणि पुढं काही सांगता येईना. मराठी वर्तमानपत्र हातात दिलं तर जोडाक्षराला अडखळत, बोट ठेवत ती तीन ओळींपर्यंत पोहोचली आणि रडवेली झाली.

मग मोनानं वाचलं. कारखान्याच्या उसाची बातमी होती. एकदाही न थांबता तिनं ती शेवटपर्यंत वाचली.

"बघा!" आबांनी मांडीवर थाप मारली. "हाय का न्हाय आपली शाळा!"

"मोना," स्वरूपानं हळूच विचारलं, "बातमीत काय झालंय बाळा? कशाबद्दल आहे?"

मोना गप्प. तिनं आईच्या लुगड्याचा काठ धरला. स्वरूपानं पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. मोना खाली बघत राहिली. तिला कळलं नव्हतं, की कळूनही एवढ्या माणसांसमोर जीभ रेटत नव्हती, ते कुणालाच सांगता आलं नसतं. स्वरूपाला ही गप्प बसणारी मुलं रोज भेटायची. वर्षभर एका वर्गात काढूनही कधी कधी उलगडा होत नसे.

तानूबाई पोरीला घेऊन निघून गेली. आबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आता?" सोपान म्हणाला.



---

सोमवारी सकाळी जयवंतानं नेहमीप्रमाणं सात पोरांची खिचडी चढवली. जयवंता दत्तोबांची थोरली लेक, सोपान-युवराजची आक्का. नवरा गेल्यावर माहेरी परत आली तेव्हापासून शाळेचा पोषण आहार तीच शिजवायची. शाळा गेली तर तिचं हे कामही जाणार होतं, म्हणून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तिचं मत काय असणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

स्वयंपाकाच्या खोलीच्या दारातून वर्ग दिसायचा. एकाच खोलीत चारही वर्ग. पुढं पहिली-दुसरीची पोरं, मागच्या पट्टीवर तिसरीतली दोघं भाऊ, आणि खिडकीजवळ मोना. चौथीत ती एकटीच. आज पोरांना पटांगणात सोडून तिथं मोठी माणसं बसली होती.

केंद्रप्रमुख सज्जन माणूस. घाम पुसत पुसत बोलत होते. "पालकांनी आणि समितीनं सहमती द्यावी, असं अपेक्षित आहे."

"आन् न्हाय दिली तर?" सोपाननं विचारलं.

"तर तसं वर कळवू."

"मग?"

"मग वरून जे येईल ते."

"मग आमाला इचारता कशाला?"

"विचारायला सांगितलंय म्हणून," ते म्हणाले, आणि स्वतःच ओशाळून हसले. "सोपानराव, मलाही यापेक्षा जास्त माहिती नाही. खोटं कशाला बोलू?"

"पोरांना न्यायला गाडी देणार का?"

"वाहतूक भत्ता मिळू शकतो."

"मिळतो का मिळू शकतो?"

केंद्रप्रमुखांनी रूपनवर सरांकडं बघितलं. रूपनवर सरांनी खिडकीबाहेर बघितलं.

मग सोपान बोलायला उभा राहिला. जयवंताला माहीत होतं, तो पहाटेपासून गोठ्यात हेच पाठ करत होता. एक किलोमीटरच्या आत शाळा हा पोरांचा हक्क आहे, पाटाकडेचा रस्ता धोक्याचा आहे, हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत जातात, बोराट्यांनी जागा दिली ती कुलूप लावायला नव्हे. शेवटी त्याचा आवाज भरून आला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खुर्चीत बसलेल्या आबांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली.

टाळ्या थांबल्या तशी मागून तानूबाई म्हणाली, "माझी पोर जाऊ द्या मोठ्या शाळंत."

सगळ्यांच्या माना वळल्या. ती घाबरली, पण उठून उभी राहिली.

"मोना चौथीत एकटीच हाय. पहिला नंबर तिचाच आन् शेवटचा बी तिचाच. बसायला शेजारी कोण न्हाय. सर पहिलीला शिकवत्यात तवा ती बसून ऱ्हाती. घरी इऊन बोलत न्हाय. काल तुमीच बघितलं की आबा, इचारलं तर तोंड उघडंना. सर चांगलं हायती, माझी तक्रार न्हाय. पण पोरीला पोरी पायजेत."

"आन् माझा ऋतिक?" शकुबाई तिच्या अंगावरच आली. तिचा पोरगा पहिलीत होता. "सहा वर्षाचं लेकरू त्या रस्त्यानं धाडू? माझी मजुरी बुडवून मी सोडायला जाऊ? तुझी जाती म्हणून सगळ्यांची घालवायची व्हय शाळा?"

"मी कुठं म्हणलं सगळ्यांची घालवा?"

"एक गेली की सगळीच गेली! एवढं कळत न्हाय का?"

दोघी एकाच बागेत शेजारी शेजारी पेरूला पिशव्या बांधायच्या. आज एकमेकींकडं बघवत नव्हतं त्यांना. इतर आयाही बोलायला लागल्या, काही इकडून, काही तिकडून. सोपान मध्येच उभा होता, हात अर्धे वर. काल रात्रीपर्यंत त्याच्या डोक्यात दोनच बाजू होत्या, शाळा आणि सरकार. ही तिसरी बाजू कुठून आली, आणि ती कुणाच्या विरुद्ध होती, त्याला समजेना.

जयवंता हात पुसत दारात आली.

"आबा, मी बोलू का?"

आबांना वाटलं, ही आता रडून शाळा वाचवणार. त्यांनी मान हलवली.

"ह्या शाळंची जागा आबांनी माझ्यापायी दिली," जयवंता म्हणाली. "गावाला ठावं न्हाय. सोपानलाबी न्हाय. मी मोनापेक्षा बारकी हुते. गावातल्या शाळंत वस्तीवरनं जाणारी पोरगी मी एकटीच. सोबत न्हाय म्हणून आबांनी मला घरी बसवली. मी लई रडले. तवा आबा म्हणलं, थांब, तुझी शाळा हितंच आणतो. आन् आणली की त्यांनी. पर इमारत उभी ऱ्हाईस्तवर माझ्या लग्नाचा मांडव पडला हुता."

जयवंता उंबरा ओलांडून वर्गात आली.

"मी हितं खिचडीसाठी हाय, असं सगळ्यास्नी वाटतंय. वाटू द्या. पर सोबत नसली की काय हुतंय, ते मला ठावं हाय. मोनाला जाऊ द्या आबा. ऋतिकची शाळा हितं ठिवा. दोन्ही करा."

दत्तोबा काठीच्या मुठीकडं बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी सांगितलं होतं की जागा गावासाठी दिली. सांगून सांगून त्यांनाही तेच खरं वाटायला लागलं होतं. आता लेकीच्या तोंडून ऐकताना त्यांना ती आठ वर्षांची पोर दिसली, उंबऱ्यात बसलेली, पाटी मांडीवर. आपण तेव्हा तिला चालत नेऊन सोडू शकलो असतो, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला. बैल होते, गाडी होती, पायही धड होते. शाळा आणायचं सुचलं, सोबत जायचं सुचलं नाही.

"साहेब," ते केंद्रप्रमुखांना म्हणाले, "असं दोन्ही चालतंय का?"

"एखाद्या पालकानं मुलीचा दाखला हलवला, तर त्याला कोण अडवणार? पण मग इथं पट सहा राहतो. पुढच्या जूनला प्रश्न आणखी अवघड होईल. हे मी सांगून ठेवतो."

"आन् सहमती न्हाय दिली तर यंदा शाळा ऱ्हाती?"

"यंदा... राहायला हवी."

"राहती का राहायला हवी?" सोपाननं विचारलं.

"राहायला हवी," केंद्रप्रमुख म्हणाले.

आबा उठले. "सोपान, सहमतीची सही करायची न्हाय. आन् तानूबाई, तुझी पोर जाईल. माझी सून रोज तिकडंच जाती. तिच्या गाडीवर न्हील."

"आबा, स्वरूपाला इचारायला नको का?" सोपान दबक्या आवाजात म्हणाला.

"इचारू की," आबा म्हणाले, आणि पटांगणातून घराकडं चालायला लागले.

माणसं पांगली. कुणी म्हणत होतं बोराट्यांनी शाळा वाचवली, कुणी म्हणत होतं आजच बुडवली. शकुबाई सोपानसमोर येऊन थांबली. "म्हंजी आता काय ठरलं दादा?" तिनं विचारलं. सोपाननं तोंड उघडलं, मग केंद्रप्रमुखांच्या मोटारसायकलीकडं बघितलं, ती रस्त्याला लागली होती. "ऋतिकला उद्या धाड," एवढंच तो म्हणाला. तेवढं तरी नक्की होतं.

---

मंगळवारी सकाळी स्वरूपा स्कूटर बाहेर काढत होती तेव्हा तानूबाई मोनाला घेऊन आली. मोनाचे केस तेल लावून घट्ट विंचरलेले, वेण्यांना लाल रिबिनी. आबा अंगणात उभे होते. एरवी ह्या वेळेला ते बागेत असत.

काल संध्याकाळी युवराज चिडला होता. "तुला न इचारता आबांनी परस्पर शब्द दिला. उद्या रस्त्यात काय झालं तर?" स्वरूपालाही राग आला होता, पण तो नेमका कशाचा, हे तिला सांगता येईना. शब्द देण्याचा नव्हता. सात मुलं आली असती तर तिची नोकरी इथं टिकली असती. एका मुलीनं काहीच फरक पडत नव्हता. भोर-वेल्ह्याची भीती होती तिथंच होती, वस्तीची शाळाही निम्मी तुटल्यासारखी झाली होती, आणि तरीही मोना येणार म्हटल्यावर तिनं रात्रीच स्कूटरच्या मागच्या सीटला धरायची कडी घट्ट करून घेतली होती.

सोपान गोठ्याकडून आला. "हेल्मेट हाय का पोरीला?"

"आज देईन घेऊन इंदापुरातून."

"सावकाश जा. ट्रॅक्टर आला की पार खाली उतरून थांब." कालपासून तो तिच्याशी जरा जपूनच बोलत होता. मग म्हणाला, "स्वरूपा, एक सांग. आपण बरं केलं का वाईट?"

"मला नाही माहीत दादा."

"तू मास्तरीण. तुला ठावं पायजे."

"म्हणूनच माहीत नाही," ती म्हणाली.

आबांनी मोनाला काखेत धरून उचललं. ह्या वयात त्यांना ते झेपणारं नव्हतं, पण सोपान पुढं झाला तेव्हा त्यांनी त्याला मानेनंच नको म्हटलं. पोरीला सीटवर बसवलं, पाय नीट ठेवले, दप्तर दोघींच्या मध्ये सरकवलं. दारातून जयवंता बघत होती. तिला शाळेत जायला उशीर होत होता. सहा पोरांना तांदूळ किती घ्यायचा याचा अंदाज घेत ती उभी होती, आणि पाय काही निघत नव्हता.

तेवढ्यात पिवळी व्हॅन येऊन थांबली. छकुली टाय नीट करत धावत आली, आईला टाटा केला आणि व्हॅनमध्ये चढली. खिडकीतून तिनं मोनाकडं बघितलं. मोनानं तिच्याकडं.

तानूबाईनं अगदी सहज विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जिव्हारी लागलं. "बाई, छकुलीला बी आपल्याच शाळंत का न्हाय नेत? दोघीस्नी सोबत झाली असती."

आबा, सोपान, जयवंता, कुणीच स्वरूपाकडं बघितलं नाही. व्हॅन वळली आणि बारामतीच्या दिशेनं गेली.

"बघू," स्वरूपा म्हणाली. "जूनपासनं."

हे आपण खरं बोललो की वेळ मारून नेली, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं स्कूटर चालू केली. फाटकाबाहेर पडताना खडीवरून चाक घसरल्यासारखं झालं, तशी मोनानं मागून दोन्ही हातांनी तिची कंबर घट्ट धरली आणि पाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत सोडली नाही. पहिलं वळण गेल्यावर ती काहीतरी बोलली. वाऱ्यात ऐकू आलं नाही.

स्वरूपानं वेग कमी केला. "काय म्हणालीस?"

"तितं," मोनानं विचारलं, "चौथीत किती जणी हायत?"